एकच इंजिन, दोन हिशेब

स्कॅनरवर एका बँकेचा लाँग टर्म ट्रिम अधिक ४ दिसतो, दुसरीचा अधिक १६. चेक इंजिनचा दिवा लागलेला असतो, सिग्नलला उभी राहिली की गाडी थरथरते आणि गॅरेजमधून उत्तर मिळतं, ‘ई-२० पेट्रोल आलंय ना, जुन्या गाड्यांचं आता असंच होणार.’ दुसऱ्या गॅरेजमध्ये ऑक्सिजन सेन्सरची जोडी बदलायला सांगतात, तिसरा एअर फ्लो सेन्सरवर बोट ठेवतो. म्हैसूरमध्ये जुनी सहा सिलिंडरची पेट्रोल गाडी हौसेनं राखणाऱ्या वाचकांचा गोंधळ बहुतेक वेळा याच तिठ्यावर येऊन अडतो. बंगळूरच्या सेकंडहँड बाजारातून पडत्या भावात घेतलेली अकॉर्ड व्ही-६, टियाना, ई-क्लास किंवा ए-६ घरी येते तेव्हा स्वस्त वाटते. पार्ट बदलायची वेळ आली की तिचं बिल डोळे पांढरे करतं. म्हणून कोणता पार्ट बदलायचा हे ठरवण्याआधी कोणते पार्ट निर्दोष आहेत, हे ठरवणं जास्त फायद्याचं.

ते ठरवण्याचं सूत्र सोपं आहे. जी गोष्ट दोन्ही बँकांना सामायिक आहे, ती दोन बँकांमध्ये फरक पाडू शकत नाही. पेट्रोल एकाच टाकीतून, एकाच पंपानं, एकाच फिल्टरमधून येतं. हवाही एकाच फिल्टरमधून आणि एकाच थ्रॉटलमधून जाते. (दोन थ्रॉटल असलेली मोजकी इंजिनं इथे बाजूला ठेवू.) फरक दिसतोय, म्हणजे वाट फुटल्यानंतर कुठेतरी काहीतरी बिघडलंय: एका बाजूचं गॅसकेट, एका बाजूचे इंजेक्टर, एका बाजूचा सायलेन्सरकडे जाणारा पाइप. ई-२० चा या फरकाशी थेट संबंध नाही.

ट्रिमचा अर्थ निर्णयापुरता एवढाच लक्षात ठेवा. ईसीयू (इंजिनाचा संगणक) आधी अंदाजानं पेट्रोल सोडतो, मग ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून त्यात काही टक्के वाढ किंवा कपात करतो. वाढ म्हणजे अधिक, कारण सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसला, मिश्रण ‘लीन’ वाटलं. कपात म्हणजे उणे, मिश्रण ‘रिच’ वाटलं. शॉर्ट टर्म ट्रिम क्षणोक्षणी हलतो, लाँग टर्म ही अंगवळणी पडलेली सवय असते. खरी दुरुस्ती दोन्हींची बेरीज. आणि बँक म्हणजे स्वतःचा सेन्सर असलेला सिलिंडरांचा गट. ठेवींची बँक नव्हे, पण खातं प्रत्येकीचं वेगळं.

आधी ‘बँक १’ कोणती, ते पक्कं करा

अर्धी चुकीची कामं इथेच होतात. बँक २ चा कोड वाचून बँक १ चं गॅसकेट बदललं जातं. नियम असा की, सिलिंडर क्रमांक १ ज्या बाजूला, ती बँक १. आपल्याकडे दिसणाऱ्या गाड्यांत ती अशी सापडते:

- होंडा अकॉर्ड व्ही-६: इंजिन आडवं बसवलेलं. बँक १ फायरवॉलकडची (सिलिंडर १-२-३), बँक २ रेडिएटरकडची (४-५-६).
- निसान टियाना: इथेही बँक १ फायरवॉलकडचीच, पण क्रमांक एकाआड एक. मागे १-३-५, पुढे २-४-६.
- मर्सिडीजची एम ११२, एम २७२ आणि ऑडीची व्ही-६ इंजिनं: इंजिन उभं. सीटवर बसून पुढे पाहताना उजवी बाजू बँक १.
- बीएमडब्ल्यूचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन (जुन्या ३२५आय, ५२५आय, ५३०आय): दिसायला एकच रांग, तरी बँका दोन. रेडिएटरकडचे तीन सिलिंडर बँक १, फायरवॉलकडचे तीन बँक २.

अमेरिकी व्हिडिओ पाहून काम करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिथे ‘पॅसेंजर साइड’ म्हणजे उजवी बाजू. आपल्याकडे तीच ड्रायव्हरची. मिस्त्रीशी बोलताना ‘डावी-उजवी’ किंवा ‘ड्रायव्हर साइड’ असं काहीच म्हणू नका. ‘रेडिएटरकडची’, ‘बॅटरीकडची’ असं सांगा. कन्नड, दख्खनी आणि तुटक्या इंग्रजीच्या मिश्रणात चालणाऱ्या संवादात बॅटरी मात्र सगळ्यांना एकाच जागी दिसते.

वजाबाकी करा

वरच्या उदाहरणातले अधिक ४ आणि अधिक १६ पुन्हा पाहू. दोन्हींत समान असलेला भाग साधारण ४. तो सामायिक कारणाचा, आणि तिथे ई-२० चं नाव घ्यायला हरकत नाही. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साधारण १४.१ आणि २० टक्क्यांच्या पेट्रोलला साधारण १३.५ पट हवा पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला ई-१० पेक्षा ई-२० चारेक टक्के जास्त सोडावं लागतं; गाडी मुळात शुद्ध पेट्रोलवर जुळवलेली असेल तर आठ-नऊ टक्के. २०२३ च्या फेब्रुवारीत ई-२० ची विक्री औपचारिकपणे सुरू झाल्यापासून जुन्या गाड्यांचे ट्रिम अधिककडे सरकले, हे खरंच आहे. पण ते दोन्ही बँकांत सारखे सरकतात. उरलेल्या १२ चा जाब पेट्रोल पंपाला विचारून उपयोग नाही.

यावर एक रास्त आक्षेप येतो. इथेनॉल टाकीतला जुना साका मोकळा करतं, तो येऊन इंजेक्टरमध्ये बसतो, आणि प्रत्येक इंजेक्टरमध्ये सारखाच बसेल असं थोडंच आहे? बरोबर. जुन्या रबराच्या ओ-रिंगाही इथेनॉलनं फुगतात, बिघडतात. पण मग सदोष झाला तो त्या बाजूचा इंजेक्टर किंवा ओ-रिंग. इथेनॉल निमित्त ठरलं, तरी दुरुस्ती त्या पार्टचीच करायची. ‘ई-२० मुळे’ हे उत्तर स्वीकारलंत तर करण्यासारखं काहीच उरत नाही, आणि गाडी तशीच थरथरत राहते.

दुसरी सामायिक गोष्ट म्हणजे म्हैसूरची उंची. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७७० मीटरवर आहे. चावी फिरवून इंजिन सुरू न करता मॅनिफोल्ड प्रेशर पाहिलं तर ९२-९३ किलोपास्कलच्या आसपास दिसायला हवं. पुस्तकातला १०१ चा आकडा मुंबईत दिसेल, इथे नाही. तेवढ्यावरून कुणी मॅप सेन्सर खराब ठरवला तर हा हिशेब पुढे करा. कार्बोरेटरची गाडी या उंचीवर थोडी रिच चालते. इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू कमी हवा मोजूनच पेट्रोल सोडतो, त्यामुळे ट्रिम फारसा हलत नाही. हललाच तर दोन्हीकडे सारखा.

एअर फ्लो सेन्सर, पेट्रोल पंप, फिल्टर, प्रेशर रेग्युलेटर हेही याच सामायिक यादीत. दोन्ही बँका अधिक १५ आणि अधिक १६ असतील तर यांच्याकडे जा. अधिक ४ आणि अधिक १६ असतील तर यांच्यावर एक रुपयाही खर्च करू नका. अपवाद रेग्युलेटरचा. त्याचा पडदा फाटला की पेट्रोल व्हॅक्यूमच्या नळीतून मॅनिफोल्डमध्ये झिरपतं आणि नळी ज्या बाजूला जोडलेली, ती बँक जास्त रिच होते. नळी काढून आत पेट्रोलचा वास येतो का, हे पाहायला मिनिट लागतं.

तीन स्थितींत नोंद घ्या

एका आकड्यावरून निदान होत नाही. फरक कोणत्या स्थितीत वाढतो आणि कोणत्या स्थितीत मिटतो, यावरून होतं.

१. कोड पुसण्याआधी कोड आणि फ्रीझ फ्रेम (कोड नोंदला गेला त्या क्षणाचे आकडे) या दोन्हींचा फोटो काढा. पुसला की पुरावा गेला, आणि शिकलेले ट्रिमही शून्यावर येतात. पी-०१७१ म्हणजे बँक १ लीन, पी-०१७४ बँक २ लीन. पी-०१७२ आणि पी-०१७५ अनुक्रमे त्याच बँका रिच.

२. इंजिन पूर्ण गरम करा, एसी आणि दिवे बंद ठेवा. दोन मिनिटं आयडलिंगवर दोन्ही बँकांचे शॉर्ट आणि लाँग टर्म ट्रिम लिहा.

३. गाडी जागेवरच २,५०० आरपीएमवर मिनिटभर धरा. पुन्हा लिहा.

४. रस्त्यावर भार देऊन पाहा. बंगळूर द्रुतगती मार्गावर ताशी ८० चा स्थिर वेग, आणि चामुंडी टेकडीचा चढ मधल्या गिअरमध्ये, अर्ध्या पायानं. पूर्ण रेस देऊ नका, तेव्हा ईसीयू सेन्सरचं ऐकणं सोडतो आणि आकडे गोठतात. लिहायला शेजारी माणूस घ्या. टेकडीवर पहाटे जा. आषाढातले शुक्रवार टाळा, त्या दिवशी तुम्ही भार नाही, गर्दी मोजाल.

साधा ब्लूटूथ अडॅप्टर आणि फोन एवढ्यावर हे काम होतं. भारतात बीएस-४ बरोबर २०१० पासून ओबीडीचा (गाडीतल्या स्वयंनिदान यंत्रणेचा) पहिला टप्पा आणि २०१३ पासून दुसरा आला. त्याआधीच्या गाड्यांत १६ पिनांचं सॉकेट असूनही काही आकडे मिळत नाहीत. नव्वदच्या दशकातल्या पुण्यात जुळणी झालेल्या मर्सिडीजमध्ये तर बॉनेटखाली ३८ पिनांचं गोल सॉकेट सापडेल. तिला तिचंच यंत्र लागतं, आणि ते असलेलं गॅरेज आधी शोधावं लागतं.

फरक कुठे वाढतो, कुठे मिटतो

*आयडलिंगवर मोठा, २,५०० वर जवळपास नाहीसा.* समजा आयडलिंगवर अधिक ५ आणि अधिक १७, वर अधिक ४ आणि अधिक ६. ही एका बाजूनं फुकटची हवा आत शिरण्याची खूण. आयडलिंगला इंजिन हवाच थोडी घेतं, त्यामुळे फटीतून आलेली हवा टक्क्यांत मोठी दिसते. रेस दिली की तीच हवा एकूण हवेत विरून जाते. त्या बाजूचं इनटेक गॅसकेट, व्हॉल्व्ह कव्हरवरून मॅनिफोल्डमध्ये जाणारी ब्रीदर नळी, इंजेक्टरच्या खालच्या ओ-रिंगा, जवळ जोडलेली ब्रेक बूस्टरची नळी, या क्रमानं पाहा. पंधरा वर्षं इंजिनाच्या उष्णतेत राहिलेलं रबर बोटानं दाबलं तर बिस्किटासारखं मोडतं. तपासणीची उत्तम पद्धत म्हणजे थंड इंजिनात स्मोक मशीननं धूर सोडणं. ते नसेल तर साध्या पाण्याचा बारीक फवारा सांध्यांवर मारा. कॉइल आणि कनेक्टर सोडून. आयडलिंग क्षणभर बदललं की जागा सापडली. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा गॅरेजमध्ये सर्रास वापरतात, पण तो गरम मॅनिफोल्डवर पेट घेऊ शकतो. आणि अगरबत्तीच्या या गावात कुणीतरी अगरबत्ती फिरवून फट शोधायचा सल्ला देतंच. धूर आत ओढला जातो हे खरं, पण पेटतं टोक आणि पेट्रोलची वाफ एकत्र आणण्याइतकी ती फट मौल्यवान नाही.

*तोच आकृतिबंध, पण फट दुसरीकडे.* वरच्यासारखेच आकडे सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट गळत असेल तरी दिसतात, आणि इथे भलेभले फसतात. एक्झॉस्टमधला दाब सलग नसतो; दोन ठोक्यांमधल्या क्षणात तडीतून बाहेरची हवा आत खेचली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, ईसीयू पेट्रोल वाढवतो. मिश्रण मुळात ठीक होतं, आता ते खरोखरच रिच झालं. स्कॅनर ‘लीन’ म्हणतो, इंजिन काजळी धरतं. निवाडा प्लग करतात. त्या बँकेचे प्लग काढा: टोक पांढुरकं असेल तर मिश्रण खरंच लीन, म्हणजे इनटेकची फट, काळं असेल तर एक्झॉस्टची तड. सकाळी थंड इंजिनाला ‘टक् टक्’ आवाज येतो आणि धातू तापून प्रसरण पावला की कमी होतो, हीसुद्धा तिचीच खूण. सांध्यापाशी काजळीची रेघ दिसते का तेही पाहा.

प्लग काढलेच आहेत तर मिसिंगचाही विचार करून टाका. एखादा सिलिंडर पेटत नसेल तर त्याची सगळी हवा न वापरता बाहेर पडते, तिच्याबरोबर न जळलेलं पेट्रोलही. सेन्सरला पेट्रोल कळत नाही, फक्त ऑक्सिजन कळतो. तो ‘लीन’ ओरडतो. म्हणून ट्रिमच्या कोडबरोबर पी-०३०० च्या मालिकेतला कोड असेल तर आधी कॉइल आणि प्लग, ट्रिमकडे नंतर.

*भार वाढेल तसा वाढणारा.* आयडलिंगवर फरक दोन-तीन टक्के, चामुंडीच्या चढावर दहा. या बाजूच्या इंजेक्टरांना मागणी वाढली की पुरवठा जमत नाही. इंजेक्टर काढून अल्ट्रासॉनिक बेंचवर साफ करून घ्या. साफ करण्याआधी आणि नंतर सहाही इंजेक्टरांचा प्रवाह मोजून आकडे लिहून द्यायला सांगा. टाकीत ओतायच्या बाटल्यांनी हे काम होतं असं मला वाटत नाही. झालंच तर ते कशानं झालं हे कळत नाही.

*आरशातल्यासारखा.* एक बँक अधिक १०, दुसरी उणे १०. एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत हा सगळ्यांत महागडा गैरसमज. सेन्सर एकूण हवा मोजतो आणि ईसीयू ती दोन बँकांत निम्मी-निम्मी वाटली जाते असं धरून चालतो. एका बाजूचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला की त्या बाजूला १०० पैकी ४५ भाग हवा जाते, दुसरीकडे ५५. पेट्रोल मात्र दोघांना ५० च्या हिशेबानं मिळतं. तुंबलेली बाजू रिच होऊन उणे १० वर जाते, निरोगी बाजू लीन दिसून अधिक १० वर. अशा वेळी दिवा लागायचा तर तो बहुधा ‘लीन’चा, म्हणजे निरोगी बाजूचा लागतो. मग गॅरेज धडधाकट बाजू खोलून बसतं, गॅसकेट बदलतं, सेन्सर बदलतं, आणि आकडे तिथेच राहतात. अधिक-उणे असे उलट आकडे दिसले की उणे बाजूला जा. तिथला पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावायला सांगा. आयडलिंगवर दीड पीएसआयच्या आत आणि २,५०० वर तीनच्या आत दाब असेल तर वाट मोकळी आहे. त्यापेक्षा जास्त असेल तर कॅट तुंबलाय. तो का तुंबला हे शोधल्याशिवाय नवा बसवू नका. त्याच बाजूच्या खराब कॉइलमुळे महिनोन् महिने न जळलेलं पेट्रोल आत जाऊन तो वितळला असणं अगदी शक्य आहे.

दाब ठीक निघाला तर त्याच उणे बाजूच्या कॅमचं टायमिंग पाहा. व्हॉल्व्ह वेळेवर उघडले नाहीत तरी ती बाजू हवा कमीच घेते. मर्सिडीजच्या एम २७२ इंजिनाच्या सुरुवातीच्या गाड्यांत बॅलन्स शाफ्टचा गिअर झिजून कॅम सरकणं हा जगभर माहीत असलेला दोष आहे. अशी ई-क्लास विकत घ्यायच्या विचारात असाल तर पैसे देण्याआधी दोन्ही बाजूंचे कॅम अँगल स्कॅनरवर शेजारी-शेजारी पाहून घ्या.

एक पोटकलम. जुन्या अकॉर्ड व्ही-६ सारख्या काही गाड्यांत एअर फ्लो सेन्सर नसतो. मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवा ठरवतात. तिथे आरसा दिसत नाही. तुंबलेली बाजू उणे जाते, दुसरी जवळपास शून्यावर राहते. आणि सामायिक जागेतली हवेची फट ट्रिममध्ये फारशी उमटतच नाही. नुसतं आयडलिंग चढतं.

*दोन टोकांना पळणारा.* इंजिनाचं मोठं काम करून गाडी घरी आली आणि एक बँक अधिकच्या, दुसरी उणेच्या टोकाला जाऊन बसली, तर दोन सेन्सरांचे कनेक्टर एकमेकांत बदललेत. बँक १ च्या चुकीची शिक्षा बँक २ ला होत राहते, म्हणून आकडे थांबतच नाहीत. कनेक्टर अदलाबदल करा, काम संपलं. याचं लेबर देऊ नका.

विकत घेण्याआधी अदलाबदल

व्ही इंजिनाची एक सोय अशी की, प्रत्येक संशयित पार्टचा जुळा भाऊ शेजारीच बसलेला असतो. सेन्सरवर संशय असेल तर दोन्ही बँकांचे पुढचे सेन्सर एकमेकांच्या जागी लावा. दोष सेन्सरबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर सेन्सर खराब. तिथेच राहिला तर सेन्सर निर्दोष. सेन्सर प्रत्यक्ष काढून हलवायचे, नुसते कनेक्टर बदलायचे नाहीत, नाहीतर वरचा गोंधळ तुम्हीच ओढवून घ्याल. इंजिन कोमट असताना काढा, थंडगार धातूत आटे धरून बसतात. कॉइल आणि इंजेक्टरांनाही हीच चाचणी लागू. ‘दोन्ही सेन्सर जुने झालेत, जोडी बदलून टाका’ हा सल्ला चूक नाही, फक्त तो निदान नाही. दोन लाख किलोमीटर झालेली गाडी असेल तर जोडी जरूर बदला, पण फरक मिटेल या आशेनं नव्हे.

‘दोन्ही आकडे मर्यादेत आहेत, मग राहू द्या ना’

हा आक्षेप गॅरेजवाल्यांचा आणि मालकांचाही. ट्रिम दहाच्या आत असेल तर ठीक, असा ढोबळ नियम चालतो. पण अधिक ९ आणि उणे १ हे दोन्ही मर्यादेत बसतात, आणि त्यांच्यातलं अंतर १० आहे. बहुतेक गाड्यांचा ईसीयू प्रत्येक बँकेची मर्यादा स्वतंत्र पाहतो; दिवा लागायला साधारण २० ते २५ टक्के ओलांडावे लागतात. दोघींमधल्या अंतरासाठी तो दिवा लावत नाही. म्हणून ते तुम्ही पाहायचं. तीन-चार टक्क्यांचा फरक सोडून द्या, दोन सेन्सर तंतोतंत सारखे नसतात. आठ-दहाच्या पुढे कारण असतंच. मधल्या आकड्यांना महिनाभरानं पुन्हा नोंद घ्या. वाढत असेल तर कामाला लागा.

‘पीयूसी पास आहे’ हाही पुरावा नव्हे. बीएस-४ गाडीच्या तपासणीत २,५०० च्या आसपास लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा) ०.९७ ते १.०३ दरम्यान असावा लागतो. पण नळी लावतात ती शेवटच्या टोकाला, जिथे दोन्ही बँकांचा धूर आधीच मिसळलेला असतो. मागे दोन सायलेन्सर दिसतात त्या बऱ्याच गाड्यांतही पाइप मध्ये जोडलेले असतात. एक बाजू रिच, दुसरी लीन, सरासरी छान.

ट्यूनिंगनं फरक मिटवता येतो का?

ईसीयू रीमॅप करून देणारे म्हणतात, ‘पेट्रोल दहा टक्के वाढवून देतो, ट्रिम शून्याला येतील.’ अधिक ४ आणि अधिक १६ मध्ये १० वाढवले तर साधारण उणे ६ आणि अधिक ६ होतील. दिसायला नीटनेटकं, कारण बेरीज शून्य. फरक जिथल्या तिथे, १२. हळू चालताना सेन्सर दोघींना सांभाळून घेतील. पूर्ण रेस दिली की सेन्सरचं ऐकणं थांबतं, आणि फरक खऱ्या लीनमुळे असेल, इंजेक्टर तुंबलेले असतील, तर ती बाजू नेमकी जास्त उष्णतेच्या वेळी कमी पेट्रोलवर चालेल. नॉकिंग तिथेच होतं, पिस्टन तिथेच जळतो.

काही ईसीयूंमध्ये प्रत्येक बँकेला वेगळी टक्केवारी देता येते, मग तर झालं ना? नाही. गॅसकेटच्या फटीतून येणारी हवा आयडलिंगला १२ टक्के, २,५०० ला दोन टक्के, चढावर जवळपास शून्य. एकच टक्केवारी फार तर एका स्थितीला बसेल, बाकी सगळीकडे चुकेल. ट्यूनिंग यांत्रिक दोष मिटल्यानंतर करायचं काम आहे. ई-२० साठी सामायिक चार ते नऊ टक्क्यांची भरपाई नकाशात लिहून घेणं योग्य, पण दोन्ही बँका हातात हात घालून चालायला लागल्यावर.

कॅट फोडून आतून पोकळ करून देण्याचा प्रस्तावही येईल. तुंबलेली वाट मोकळी होईल हे खरं, पण धूर मानकात बसणार नाही, आणि गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं. केए-०९ असो वा केए-५५, गाडी फिटनेसच्या नूतनीकरणाला गेली की हे अंगाशी येतं.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसा, दोन-तीन दिवस नेहमीसारखी गाडी चालवा, मग त्याच तीन स्थितींत पुन्हा नोंद घ्या. कोड पुसल्या-पुसल्या दिसणारं शून्य हे बरं झाल्याचं लक्षण नाही. ईसीयूनं अजून काही शिकलेलंच नसतं. गाडी ताब्यात देताना नेमकं तेच शून्य दाखवलं जातं, हे लक्षात असू द्या.

गॅरेजमध्ये तुमच्या हाती काय

जॉब कार्डवर ‘चेक इंजिन लाइट’ एवढंच लिहू देऊ नका. असं लिहायला लावा: ‘बँक २ ट्रिम आयडलिंगवर अधिक १७, २,५०० वर अधिक ६. स्मोक टेस्ट करून गळती दाखवणे. पार्ट बदलण्याआधी फोन करून मंजुरी घेणे. जुने पार्ट परत देणे.’ एवढ्या चार ओळींनी निम्मे वाद उद्भवत नाहीत. अंदाजपत्रक लेखी घ्या, तपासणीचं लेबर वेगळं लिहून घ्या. मिस्त्रीनं दोन तास घालवून सेन्सर निर्दोष ठरवला तर त्या दोन तासांचे पैसे आनंदानं द्यावेत. तुमचे बरेच पैसे त्यानं वाचवलेले असतात. तपासणी फुकट आणि पार्टवर कमाई, या पद्धतीत त्याला पार्ट विकण्यावाचून मार्गच नसतो.

पार्ट बदलूनही दोष राहिला, जुने पार्ट मिळाले नाहीत किंवा मंजुरीशिवाय काम झालं, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ती सेवेतील त्रुटी ठरू शकते. आधी लेखी तक्रार गॅरेजला द्या, पोच घ्या. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. तिथे मराठीत बोलता येतं. तेवढ्यानं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. काम बंगळूरच्या गॅरेजमध्ये झालं असलं तरी तुम्ही राहता त्या म्हैसूरच्या आयोगात तक्रार करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. आधीच्या आणि नंतरच्या ट्रिमचे तारखेसह फोटो हाच तुमचा पुरावा, म्हणून पहिल्या दिवशी काढलेला फ्रीझ फ्रेमचा फोटो जपून ठेवा.

बिलावरून भांडण झालं म्हणून गाडी जबरदस्तीनं बाहेर काढायला जाऊ नका. गाडीवर कष्ट केलेल्याला मेहनताना मिळेपर्यंत ती अडवून ठेवण्याचा हक्क भारतीय करार कायद्याचं कलम १७० देतं. अशा वेळी बिल भरा, पण बिलाच्या प्रतीवर आणि मेसेजमध्येही ‘निषेध नोंदवून रक्कम देत आहे’ असं लिहा, गाडी घरी आणा, आणि दोन-तीन दिवसांनी, इंजिन पूर्ण गरम करून, तीन स्थितींची नोंद पुन्हा पहिल्यापासून घ्या.